लाल मक्याची बाटली: चवीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. लुइव्हिल, केंटकी

बाटली आज टेबलावर आली, अजून उघडलेली नाही. डिस्टिलरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बाटलीपेक्षा तिच्यातल्या मक्याची चौकशी करायची आहे. लेबलवरून उतरवून घेतो: बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की), सहा वर्षं मुरलेली, बॉटल्ड-इन-बाँड (एका जुन्या कायद्याचे नियम पाळून भरलेली, तपशील पुढे). धान्य ७० टक्के ‘ब्लडी बुचर’ मका, २० टक्के राय (गव्हासारखं धान्य), १० टक्के बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे). ‘क्राफ्ट’ हा शब्दही ठळक छापलाय, पण त्याला कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे तो सोडून देतो.

ब्लडी बुचर हा इथला गावरान मका. इंग्रजी लेबलावर ‘एअरलूम’ लिहितात. आपल्याकडे गावरान म्हटलं की कुणाला समजवावं लागत नाही. दाणा गडद लाल, त्यावर आणखी गडद रेघा, खाटकाच्या अंगावरच्या कपड्यासारखा, म्हणून हे नाव. व्हर्जिनियाकडचा, १८४० च्या दशकापासूनचा, असं सांगतात.

प्रश्न एकच. नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात सहा वर्षं काढल्यावर त्या मक्याचं काही उरतं का? की लाल कणसाचं चित्र फक्त लेबलापुरतं?

तुलनेला केंटकीचीच एक नेहमीची, साध्या पिवळ्या मक्याची बॉटल्ड-इन-बाँड ठेवली आहे. दोन्ही ५० टक्के, म्हणजे अल्कोहोलच्या तिखटपणातला फरक आपोआप बाद. किंमत मात्र लाल बाटलीची दुपटीहून जास्त.

६ ऑक्टोबर, रविवार

पहिला घोट. १५ मिलि, पाणी नाही, वीस मिनिटं ग्लासात तशीच ठेवून.

वास: आधी नुसतं लाकूड. सुतारकाम चाललेल्या खोलीत शिरल्यासारखं. मग काकवी. मग खारीक, आणि तिच्या मागे किंचित जायफळ. मका? नाही.

तोंडात: जाड. तेलाचा थेंब जिभेवर पसरावा तशी पसरते. गिळल्यावर सुंठीसारखी गरमी घशात नव्हे, छातीत. शेवटी चहा जास्त उकळल्यावर येतो तसा तुरटपणा.

एक गोष्ट आजच ठरवली. इथल्या चवीच्या तक्त्यांत मेपल सिरप, बटरस्कॉच, चेरी कोला असले शब्द असतात. मी लहानपणी यातलं काही खाल्लेलं नाही. ते शब्द वापरले की मी वास घेत नाही, पाठांतर म्हणून दाखवतो. म्हणून या वहीत फक्त माझ्या नाकाला आधीपासून ठाऊक असलेलेच वास लिहायचे. व्हॅनिलाला सूट, कारण ती आइसक्रीममधून आपल्याकडेही घरोघरी पोचली आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

मित्राचा पुण्याहून फोन. त्याला सांगितलं काय चाललंय, तर म्हणाला, “म्हणजे लाल मक्यामुळे दारू लाल होत असेल ना?”

नाही. मक्याचा लाल रंग दाण्याच्या सालीत असतो आणि ऊर्ध्वपातनात रंग वर चढत नाही. भट्टीतून उतरते ती पाण्यासारखी पांढरी. बर्बनचा सगळा रंग पिंपाचा, कारण कायद्याने बाहेरून रंग घालता येत नाही. गोडी-सुगंधही घालता येत नाहीत.

कायदा इथेच टिपून ठेवतो, पुढे लागेल. धान्यात मका किमान ५१ टक्के. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर न्यायचं नाही. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नाही. पिंप ओकचं, नवं, आतून जाळलेलं. बॉटल्ड-इन-बाँड हा १८९७ चा वेगळा कायदा: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली, बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. त्या काळी व्यापारी कच्च्या दारूत रंग, तंबाखू, काय वाट्टेल ते कालवून विकायचे, त्यावरचा हा उपाय.

यातला ‘८० टक्क्यांच्या वर नाही’ हा नियम माझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा. ९५ टक्क्यांपर्यंत नेलं की धान्य कुठलंही असो, उरते व्होडका. जितकं कमी टक्क्यांवर काढाल तितकं धान्य सोबत येतं. म्हणजे मका पिंपात शिरतो हे नक्की. तो बाहेर येतो का, एवढंच बघायचंय.

१३ ऑक्टोबर, रविवार

मका शोधायचा तर आधी मका कसा लागतो ते ठाऊक हवं. एका जुन्या पाणचक्कीवर ब्लडी बुचरचं पीठ मिळतं, ते मागवलं होतं, काल आलं. रंग फिकट जांभळट, मध्ये लाल कोंड्याचे ठिपके. शेजारी दुकानातलं पिवळं मक्याचं पीठ.

दोन्हींच्या भाकऱ्या केल्या. म्हणजे बायकोने केल्या. माझी तव्यावर टाकण्याआधीच तुटली. पीठ इथे जाड दळतात, म्हणून दोनदा चाळून गरम पाण्यात मळलं.

पिवळी भाकरी: गोड, सरळ, स्वीटकॉर्नच्या जवळची. थंड झाल्यावर जवळजवळ काहीच नाही.
लाल भाकरी: गोडी कमी. शेंगदाण्याच्या सालीसारखं काहीतरी, आणि पहिल्या पावसानंतरच्या ढेकळासारखं. बोटं तेलकट झाली. पिवळ्या पिठाने झाली नव्हती.

तेलकटपणाचं कारण साधं असू शकतं. मक्याचं तेल कोंबात असतं. चक्कीवर अख्खा दाणा दळतात, कोंबासकट. दुकानातल्या पिठातून बहुतेकदा कोंब काढून टाकतात, तेल खवट होऊ नये म्हणून. म्हणजे आजची तुलना मक्याची झाली की दळणाची, हे सांगता येत नाही. पहिल्याच प्रयोगात खोट. (मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. तिथे असा अहवाल दिला असता तर साहेबांनी तोंडावर फेकला असता.)

भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, त्यामुळे संध्याकाळचा घोट रद्द. जिभेला फक्त लसूण कळत होता.

२० ऑक्टोबर, रविवार

पाणी घालून. दोन मिलिची सिरिंज, फिल्टरचं पाणी.

१५ मिलित २ मिलि घातलं की साधारण ४४ टक्के. ३.७५ मिलिला ४० टक्के. १० मिलिला ३० टक्के.

४४ वर लाल बाटली खुलली. लाकूड एक पाऊल मागे सरलं आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास पुढे आला. ४० वर काकवी गेली, तुरटपणा राहिला. ३० वर सपाट, नुसतं लाकडाचं पाणी. साधी बाटली उलट ४० वर जास्त बरी, गोड आणि मऊ. माझ्यापुरतं मोजमाप ठरलं: लाल बाटलीला १५ मिलिमागे दोन मिलि.

पाण्याने वास का खुलतो यावर २०१७ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी संगणकावर गणित मांडलं होतं. धुराच्या वासाचा एक रेणू, ग्वायाकॉल, अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली असलं की पृष्ठभागाकडे येतो. ५९ च्या वर असलं की आत बुडून राहतो. माझे ४४ त्या रेषेच्या जरा खाली पडतात हे वाचून उगाच बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

काही नाही. घरात चकलीची भाजणी, चिवडा, अनारसे, पंख्याला लटकलेला तुपाचा वास. या घरात दिवाळी संपेपर्यंत कुठल्याही वासावर मत देणं हा खोटेपणा होईल.

भाजणी भाजताना मात्र एक सुचलं. तांदूळ, हरभराडाळ, उडीद वेगवेगळे भाजताना प्रत्येकाचा वास ओळखू येतो. एकत्र दळून तळल्यावर ‘चकलीचा वास’ एवढंच उरतं. पण एखाद्या वर्षी डाळ जुनी असली तर आई पहिल्या घासाला सांगायची. डाळ कुठे दिसायची नाही, चुकलेली मात्र कळायची.

१० नोव्हेंबर, रविवार

आंधळी चाचणी. त्रिकोणी पद्धत: तीन नमुने, दोन एकाचे, एक दुसऱ्याचा, वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून सहा फेऱ्या. प्रत्येक घोट पाच मिलि, चव घेऊन थुंकायचा.

दोन्हींच्या रंगात थोडा फरक आहे, म्हणून काचेचे ग्लास नकोत. फुलपात्रं काढली, पण त्यांचा काठ बाहेर वळलेला, वास उडून जातो. शेवटी स्टीलचे छोटे गडू. गळा अरुंद, आत अंधार, वास कोंडून राहतो. वास घेण्यासाठीच्या हजार-दीड हजाराच्या विलायती नोझिंग ग्लासाचं काम चाळीस रुपयांच्या गडूने केलं. (पूजेतला गडू नव्हे. हे घरात दोनदा स्पष्ट करावं लागलं.)

नमुने बायकोने मांडले, मी बाहेरच्या खोलीत. निकाल: सहात चार.

सहात चार किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता दहात एक. म्हणजे दुपटीच्या किमतीची, आठवडेच्या आठवडे हुंगलेली बाटली मी शेजारच्या साध्या बाटलीपासून खात्रीने वेगळी काढू शकलो नाही. चुकलेल्या दोन फेऱ्या पाचवी आणि सहावी, तेव्हा जीभ थकली असेल. पण ही सबब मीच दुसऱ्याला चालू दिली नसती.

१७ नोव्हेंबर, रविवार

तेलकटपणा मोजायचा प्रयत्न. दोन्ही बाटल्या ३० टक्क्यांपर्यंत पातळ करून फ्रिजमध्ये ठेवल्या. कल्पना अशी: तेलकटपणा ज्या लांब साखळीच्या एस्टरांमुळे (दारूतल्या तेलासारख्या रेणूंमुळे) येतो, ते थंड आणि पातळ झाल्यावर सुटे होऊन धुकं धरतात. लाल बाटली दोन तासांत गढूळ झाली, ताकाच्या निवळीसारखी. साधी बाटली स्वच्छ.

नाचणारच होतो. मग लाल बाटलीचं मागचं लेबल पुन्हा वाचलं: थंड करून गाळलेली नाही. मोठ्या डिस्टिलऱ्या बाटलीत असं धुकं दिसू नये म्हणून दारू थंड करून गाळतात आणि तेच एस्टर काढून टाकतात. साध्या बाटलीवर न गाळल्याचा उल्लेख नाही. म्हणजे मी मका मोजला नाही, गाळणी मोजली. पिठाच्या वेळी झाली तीच चूक, दुसऱ्या वेशात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजचा प्रयोग निव्वळ हौस म्हणून. इथल्याच लुइव्हिल विद्यापीठात २०२० च्या सुमारास एक गंमत सापडली: अमेरिकन व्हिस्की २०-२५ टक्क्यांपर्यंत पातळ करून तिचा अगदी लहान थेंब काचेवर वाळवला, तर मागे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी राहते. प्रत्येक ब्रँडची वेगळी. स्कॉचची होत नाही. कारण नव्या जळक्या पिंपातून उतरलेले पदार्थ. जुन्या पिंपात ते तेवढे उरलेले नसतात.

पाच मिलि बर्बन, पाच मिलि पाणी, इन्शुलिनची सिरिंज, मुलीचा शाळेतला सूक्ष्मदर्शक. लाल बाटलीची जाळी दाट, साधीची विरळ. तिसरा थेंब गोव्याच्या पॉल जॉनचा, गेल्या खेपेला आणलेली. तिची नुसती कडा उमटली, जाळी नाही. तसंच व्हायला हवं होतं: पॉल जॉन मुरते ती अमेरिकेतून आलेल्या, बर्बन काढून घेतलेल्या पिंपांत. बर्बनला पिंप एकदाच वापरता येतं, मग ती पिंपं स्कॉटलंडला, भारताला जातात. केंटकीने उकळून घेतलेली चहापत्ती गोव्यात दुसऱ्यांदा उकळते म्हणायची, फक्त तिथल्या उकाड्यात ती पुन्हा चांगलाच रंग सोडते.

मुलीने सगळ्या जाळ्यांचे फोटो काढले, तिला दिवाळीच्या रांगोळीपेक्षा हे जास्त आवडलं. माझ्या हाती मात्र पुन्हा लाकूडच. दाट जाळी म्हणजे लाकडाचा अर्क जास्त. लाल बाटलीचं पिंप नेहमीच्या ५३ गॅलनपेक्षा लहान असावं अशी शंका येते. लहान पिंपात दारूला लाकूड जास्त भिडतं, अर्क भराभर उतरतो. पण मुरणं म्हणजे नुसता अर्क नव्हे. हवा आत येते, तिखट रेणू हळूहळू मऊ होतात, आणि त्याला पिंप कितीही लहान असलं तरी वर्षंच लागतात. पहिल्या दिवशीचा उकळल्या चहाचा तुरटपणा तिथून आला असेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

मित्र जेवायला आला होता, संगमनेरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. रात्री दोन ग्लासांत दोन्ही बाटल्या घेतल्या होत्या, ते न धुता ओट्यावर राहिले. सकाळी चहाच्या वेळी त्याच्या हातात एक दिला. कुठला ते सांगितलं नाही.

“भाकरी,” तो म्हणाला. “तव्यावर जरा जास्त राहिलेली. पापुद्रा.”

मी खूश. ग्लासाच्या तळाला चिकटवलेली चिठ्ठी बघितली. साधी बाटली.

दुसरा ग्लास दिला. त्याने जास्त वेळ घेतला. “यात भाकरी कमी आहे रे. हे कणगीतलं आहे. बियाणं काढून ठेवतात ना, त्या खोलीतलं. धूळ, साल, थोडं तेल.”

मग अर्धा तास बियाण्यावरच बोललो. त्याच्या आजीच्या घरी माळ्यावर कणसं टांगलेली असायची, पुढच्या पेरणीची. त्यांच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, हे त्याने असं सांगितलं जणू त्याच्याच घरात आली. इथली गोष्टही तीच आहे, फक्त बरीच आधी घडली. १९३० च्या दशकात संकरित मका आला. तोवर अमेरिकेत एकरी २५-३० बुशेल (इथलं धान्याचं माप) निघायचा, आज सरासरी १७० च्या वर. कोण शेतकरी नाही म्हणेल? १९६० पर्यंत जुनी वाणं जवळजवळ शेतांतून गेलीच. उरली ती कुणाच्या तरी परसात, नाहीतर चोरून दारू गाळणाऱ्यांकडे. दक्षिण कॅरोलायनात जेम्स बेटावरचा जिमी रेड मका असाच हातभट्टीवाल्यांमुळे तग धरून होता. चार्ल्सटनच्या हाय वायर डिस्टिलरीने तो पुन्हा शेतात आणला आणि त्याची शंभर टक्के त्याच मक्याची बर्बन काढली. इथून अर्ध्या-पाऊण तासावर शेल्बीव्हिलला जेप्था क्रीडवाले स्वतःच्या शेतात ब्लडी बुचर पेरतात.

महत्त्वाचं हे की ‘भाकरी’ हा वास गावरान मक्याचा नाही. तो मक्याचा आहे, कुठल्याही. मी दोन महिने चुकीच्या वासाच्या मागे होतो.

८ डिसेंबर, रविवार

चाचणी पुन्हा, या वेळी रिकाम्या गडूंवर. रात्री प्रत्येकात पाच मिलि घालून, फिरवून, ओतून टाकली. सकाळी फक्त वास. अल्कोहोल उडून गेलेलं, जीभ थकायचा प्रश्न नाही. सहा फेऱ्या, प्रत्येकीत दहा मिनिटांचं अंतर. ‘भाकरी’ शोधायची नाही, ‘कणगी’ शोधायची.

सहात पाच. नशिबाने पाच किंवा जास्त येण्याची शक्यता पंचावन्नात एकाच्या आसपास. हे मानतो.

पण फरक आहे एवढंच सिद्ध झालं. तो फरक मक्याचा की पिंपाचा की यीस्टचा, हे अजून लोंबकळत आहे. खरी तुलना एकच: त्याच डिस्टिलरीची, त्याच पिंपातली, तेवढ्याच वर्षांची, फक्त मका पिवळा. अशी बाटली ती डिस्टिलरी काढत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पुढचा उत्तम उपाय सापडला. तीच डिस्टिलरी लाल मक्याची, पिंपात अजिबात न घातलेली पांढरी दारू विकते. इथे तिला ‘व्हाइट डॉग’ म्हणतात. लाकडाचा पडदाच नाही. एक छोटी बाटली आणली.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की डोळे चमकतात. इथे पहिली धार बाजूला काढतात: नेलपॉलिशच्या वासाचे, लवकर उडणारे पदार्थ तीत असतात. शेवटची धारही बाजूला, ती ओल्या पुठ्ठ्यासारखी. मधली तेवढी घ्यायची. पण मधली कुठे सुरू होते आणि कुठे थांबवायची, हे भट्टीवाल्याच्या नाकावर. शेवटाकडे जरा जास्त वेळ धरली की तेलकटपणा वाढतो, धान्य जास्त येतं, आणि ते मऊ व्हायला पिंपात वर्षंही जास्त लागतात.

पांढरी, ४४ टक्क्यांपर्यंत पातळ करून: पहिल्या श्वासाला कच्चं कणीस, हिरवं, केसांसकट. मग तीच कणगी. धूळ, शेंगदाण्याची साल, तेल. शोधावी लागली नाही, दारातच उभी होती.

लगेच शेजारी सहा वर्षांची लाल घेतली. पांढरीचा वास नाकात असताना तिच्यात ती साल ओळखू आली, जायफळाच्या खाली, दोन श्वासांपुरती. मग लाकडाने झाकली. साध्या बाटलीत त्याच क्रमाने शोधली, नाही मिळाली. ही चाचणी आंधळी नव्हती, आणि पांढरी आधी हुंगल्यामुळे नाक पढवलेलं होतं, हेही लिहून ठेवतो.

माझं मत, आज विचारलं तर: मक्याचं उरतं, पण थोडं, आणि सहा वर्षं या पिंपाला जास्त झाली. चौथ्या वर्षी, बाँडचा नियम पुरा होताच काढली असती तर साल आणि काकवी बरोबरीला आल्या असत्या, तो चहाचा तुरटपणाही टळला असता. शंभरपैकी गुण द्यायचा रकाना कोराच ठेवतो. पुन्हा घेईन का? मोठी बाटली नाही. पांढरी घेईन.

लाल बाटली एक तृतीयांश उरली आहे. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली, हवा लागू नये म्हणून. चिठ्ठी लावली: ‘लाल, ६ वर्षं, जून २०२५ ला पुन्हा, आधी ठेचा नको.’ लाल पिठाचं पुडकं फ्रीझरमध्ये आहे, कोंबाचं तेल खवट होण्याआधी संपवायला हवं. उद्या भाकरी मी थापणार आहे.